हा खेळ नाकारलेला आहे

त्या ऑनलाइन दुकानाचं नाव मी इथे लिहिणार नाही. एके काळी भाईंदर पश्चिमेतल्या कितीतरी मोबाईलवर ते मीच लिहिलं होतं, ठळक, लाल रंगात, आणि लिहिल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. नाव आता गाळतोय ते एवढ्यासाठीच की तसा शब्द दिला होता. राग गाळायचा शब्द मी कुणाला दिलेला नाही.

काळ बटणांच्या मोबाईलचा. ब्लूटूथ नुकतंच लोकांच्या हातात आलं होतं. दोन माणसं फोन एकमेकांना चिकटवून रस्त्यात उभी दिसली की समजायचं, गाणं नाहीतर गेम चाललाय इकडून तिकडे. मी स्टेशनजवळ मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात कामाला होतो. गाव परभणीकडचं. शाळा नववीत सोडली. वडील गेल्यावर थोरल्या भावानं पिठाची गिरणी चालवायला घेतली आणि मला तिच्यावर बसवलं. मला दळणापेक्षा मोटार खोलून बघण्यात जास्त रस. एकदा सणाच्या तोंडावर मी ती खोलली आणि अर्धं गाव डबे घेऊन गिरणीपुढं बसून राहिलं. तेव्हा भाऊ म्हणाला, "जा बाबा मुंबईला. तिथं खोल काय खोलायचं ते."

दुकानाचे शेठ गुजराती, पक्के शाकाहारी, कांदासुद्धा न खाणारे. माणूस मात्र असा की त्यांच्याबद्दल लिहिताना मला आजही पाय जवळ घेऊन बसावंसं वाटतं. दुपारी शटर अर्धं खाली ओढून ते खुर्चीतच डुलकी काढायचे आणि तेवढा वेळ दुकानातला कॉम्प्युटर माझा. मासिकाबरोबर आलेली एक सीडी त्यांनीच दिली. "ले, यामध्ये गेम बनवायचं सगळं हाय म्हणतात. मला काय समजत नाही. तू खोलून बघ." इंग्रजी मला अडखळत यायचं. पण मशीनची भाषा इंग्रजी दिसली तरी इंग्रजी नसते. चूक झाली की ती सांगते, अमुक ओळीत चूक आहे. तेवढं सांगितलं की माणूस पुढे जाऊ शकतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे ज्यांच्याशी गाठ पडली त्यांना मशीनइतकीही माणुसकी नव्हती.

नकार म्हणजे काय, ते मी त्याआधी एकदा शिकलो होतो. पेणकरपाड्यात एका सोसायटीत खोली बघितली, दलाल म्हणाला पक्की. सामान घेऊन गेलो तर सेक्रेटरींनी दारातूनच सांगितलं, "कमिटी नाही म्हणाली."

"का हो काका?"

"कमिटी कारण देत नाही."

एकटा आहे म्हणून? जातीमुळे? बोलण्यात मराठवाडा ऐकू येतो म्हणून? की त्या दिवशी शर्टाला जळक्या सोल्डरचा वास येत होता? त्यानंतर कितीतरी दिवस मी शर्ट दोनदा धुवून घालत होतो. कारण न देणाऱ्याला कल्पना नसते, समोरचा माणूस मग जगातली सगळी कारणं एकेक करून स्वतःला लावून बघतो.

शेवटी जागा मिळाली ती पार उत्तनच्या बाजूला, तारोडीत. एका कॅथलिक मावशींचा मुलगा जहाजावर होता, त्याची खोली रिकामी होती. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एकच विचारलं, "मासली खातंस?"

मी म्हटलं, "गावाकडं नदीची कधीमधी. समुद्राची नाही खाल्ली."

"न्हाय खाल्ली तं शिकशील." झाली कमिटी.

त्या अंगणातच माझा गेम जन्मला. पावसाळा सरला की तिथे बांबूंमध्ये दोऱ्या ताणून बोंबील वाळत घालतात. वलांडी म्हणतात तिकडे. एका रविवारी मावशी चर्चहून आल्या आणि म्हणाल्या, चल, हात लाव. मी टोपलीतून एकेक बोंबील काढून दोरीवर टाकायला लागलो. टाकला की घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा खाली. कावळे कुंपणावर बसून माझीच वाट बघत असल्यासारखे. मावशी पोट धरून हसल्या.

"अरे बाबा, तो एकटा कसा ऱ्हाईल? दुसऱ्याच्या तोंडात तोंड दे त्याच्या!"

मग दाखवलं. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. मग वारा सुटला तरी पडत नाहीत. एकमेकांच्या वजनावर वाळतात.

परभणीच्या माणसाला हे बघून काय झालं असेल, ते शब्दांत येणार नाही. माझं त्या अंगणात कुणी नव्हतं, आणि अंगणभर जोड्या लटकत होत्या.

गेम साधा होता. खाली टोपली, वर दोऱ्या, आभाळात कावळे. टोपलीतून बोंबील उचलायचे, दोन-दोन अडकवून दोरीवर टाकायचे, कावळे हाकलायचे आणि सूर्य पलीकडे जायच्या आत दोऱ्या भरायच्या. एकटा टाकला तर घसरून पडणार आणि कावळा नेणार. त्या फोनांवर मोठी फाईल चालायची नाही, म्हणून प्रत्येक चित्र मी ठिपका-ठिपका वाचवून काढलं. बोंबलाचा डोळा म्हणजे एक ठिपका. मावशींनी तो बघून सांगितलं, "डोला बरोबर हाय. मेल्यावानी दिसतो." यापेक्षा मोठी शाबासकी मला आजवर मिळालेली नाही.

शेठना दाखवायची भीती वाटत होती. दुकानात अगरबत्ती लावल्याशिवाय कॅलक्युलेटरला हात न लावणारा माणूस, त्याच्या हातात मेलेले मासे कसे द्यायचे? पण त्यांनी फोन ओढूनच घेतला. पहिले काही बोंबील धडाधड पाडले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, मग जोडी जमली आणि तिथून त्यांनी फोन सोडलाच नाही. गिऱ्हाईक समोर उभं, आणि शेठ अंगठ्यानं कावळे हाकलतायत.

"शेठ, तुम्हाला चालतं ना? मासे आहेत."

"मासा कुठे? मी तर मेथीची जुडी समजून लटकवते. तू चूप बस, माझा कावळा येते."

तर असा तो गेम मी त्या ऑनलाइन दुकानाला पाठवला. त्यांचं ऑफिस अंधेरीकडे कुठेतरी होतं. इंटरनेटवर त्यांचं पान, त्यावर शेकडो गेम, कुणीही आपला पाठवावा, ते तपासणार आणि मांडणार. मी पाठवला तेव्हा माझ्या नावाच्या पानावर गेमचं नाव उमटलं आणि शेजारी लिहून आलं, तपासणी चालू आहे. दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्या पानावर काय लिहिलंय ते मी भावाला तोंडी सांगितलं. भाऊ गिरणीचा पट्टा चढवत होता.

"म्हंजे तुझा गेम दुकानात लागणार?"

"लागणार."

"कुणीबी बघू शकतं?"

"कुणीही. इथल्या नेट कॅफेतसुद्धा दिसेल."

"बरं. होळीपस्तोर दिसला तर ऱ्हा तिथंच. न्हाई दिसला तर बॅग भर आन ये. गिरणीवर माणूस लागतोच हाय."

एवढंच. त्यात राग नव्हता. पण भावानं गावात सांगितलं, आणि गावानं ऐकून घेतलं. आता माझा शब्द माझा राहिला नव्हता, तो त्याचा झाला होता.

थंडी संपत आली तेव्हा एका दुपारी मी पान उघडलं आणि गेम नव्हता. नाकारला असंही लिहिलं नव्हतं. जिथे माझ्या गेमचं नाव असायचं तिथे एक वाक्य होतं: तुम्ही अजून एकही गेम पाठवलेला नाही.

मी पान बंद केलं, पुन्हा उघडलं. कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला. तेच. मेल बघितला तर त्यात एक ओळ आलेली: आपला गेम आमच्या दुकानासाठी योग्य आढळला नाही, निर्णय अंतिम आहे. मी उत्तर लिहिलं, का योग्य नाही, कृपया सांगा, मी बदल करतो. त्या मेलला उत्तर नाही. पुढच्यालाही नाही. मी 'सर' लिहून बघितलं, 'रिस्पेक्टेड सर' लिहून बघितलं. शेठच्या ओळखीच्या एका टायपिस्टकडून शुद्ध इंग्रजीत अर्ज लिहून पाठवला. भिंतीला पाठवला असता तरी चाललं असतं.

आणि त्याच आठवड्यात भावाचा फोन.

"तालुक्याला गेल्तो. नेटवर बघितलं. कॅफेवाल्या पोरानं समदं दुकान धुंडाळलं. तुझं नाव न्हाई, गेम न्हाई, काईच न्हाई."

"दादा, त्यांनी नाकारला."

"नाकारला तर तसं दिसंल का न्हाई कुठं? कुठंच काई न्हाई. खरं सांग. तू केल्ताच न्हाई ना?"

मी म्हटलं केला होता. पाठीमागे गिरणी चालू होती. भाऊ म्हणाला, "खोटं बोलायचं नव्हतंस. न्हाई जमलं म्हनला असतास तरी चाललं असतं," आणि फोन ठेवला.

त्या रात्री... नको, रात्रीचं राहू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींच्या अंगणात उभा होतो. नाकारलं त्याचं दुःख मला पेलता आलं असतं. पण त्यांनी नाकारल्याचं सुद्धा ठेवलं नाही. माझ्या गेमला त्यांनी मेलेला म्हटलं नाही, जन्मलाच नाही म्हटलं. आणि त्यामुळे माझा सख्खा भाऊ मला खोटारडा म्हणाला. ज्या कुणी त्या ऑफिसात बसून ते बटण दाबलं, त्याला समोर उभं करायचं आणि त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, असं मी त्या बोंबलांच्या साक्षीनं ठरवलं. पद्धत सुचायला फार वेळ लागला नाही. माणूस रागावला की काटकसरीनं विचार करतो.

मी गेमला एक नवं पहिलं पान जोडलं. मराठी अक्षरं त्या फोनांवर नीट उमटत नसत, म्हणून ती चित्रासारखी ठिपक्यांनी काढली. गेम चालू केला की काळ्या पडद्यावर येई:

हा खेळ नाकारलेला आहे.
कुणी नाकारला: आणि इथे त्या दुकानाचं नाव, लाल.
का नाकारला: त्यांनाच विचारा.

खाली त्यांचा मेलचा पत्ता. एवढं वाचल्यावर बटण दाबलं की गेम सुरू.

मग दुकानात जो फोन दुरुस्तीला येई, त्याच्या मालकाला मी विचारायचो, "एक गेम टाकू? फुकट आहे. नाकारलेला आहे." माझा अनुभव असा की 'नवीन आहे' म्हटल्यावर लोक मान हलवतात आणि 'नाकारलेला आहे' म्हटल्यावर हात पुढे करतात. "नाकारलेला? क्यूं? कुछ ऐसा-वैसा है क्या?" असं विचारत रिक्षावाले घेऊन गेले. गोडदेवचे कॉलेजवाले घेऊन गेले आणि त्यांनी तो वर्गभर वाटला. उत्तनच्या बसचे कंडक्टर शेवटच्या स्टॉपला थांबून खेळायला लागले. तारोडीत तर बायका फोन बघून म्हणायच्या, "आमचेच बोंबील हायत हे, कोणी नाकारले रं?"

शेठना माझं पहिलं पान आवडलं नाही.

"छोकरा, मी पण दुकानदार आहे. माझ्याकडे रोज एजंट येते, चार्जर दाखवते, मी नको म्हणते. मग काय मी बाहेर पाटी लावू, हे हे चार्जर मी ठेवत नाही म्हणून?"

"पण तुम्ही एजंटाला सांगता ना शेठ, हा तापतो, याची पिन ढिली आहे."

"ते तर सांगायलाच पाहिजे. नाहीतर तो उद्या तोच घेऊन परत येईल, माझं डोकं खाईल."

"मग?"

शेठ मान हलवत म्हणाले, "तरी पण तू नाव नको लिहू. नाव लिहिलं की माणूस दुश्मन होते."

"दुश्मनच आहे शेठ."

मावशींचा विरोध वेगळ्या बाजूनं होता आणि तो मला जास्त लागला. त्या वाळलेले बोंबील उतरवत होत्या. "पोरगी बघाया येतात आन न्हाय म्हणून जातात," त्या म्हणाल्या, "तं पोरीचा बाप गावभर सांगतो काय, आमचे पोरीला नाकारली? झाकतो बिचारा. तू सोताच दवंडी पिटतंस."

खरंच होतं ते. त्या दुकानानं नाकारलेल्या सगळ्या गेमची नावं भिंतीवर लावली असती तर माझ्यासारखा एखादा, ज्यानं घरी 'अजून बनवतोय' असं सांगून अब्रू राखली असेल, तो उघडा पडला असता. मी बराच वेळ जोड्या सोडवत बसलो. मग म्हटलं, "मावशी, पोरीला तरी सांगावं ना का नाही म्हणाले ते. आणि पोरगीच म्हणाली की सांगा गावाला, तर?"

"तशी पोरगी मिलायची न्हाय," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. "तू हायस तसली."

भीतीही वाटत होती, ते लपवत नाही. कोर्टाची नोटीस येईल, पोलीस येतील, शेठच्या दुकानाला कुलूप लागेल, असलं काहीबाही मनात यायचं. इस्त्रीचा शर्ट घातलेला कुणीही दुकानात शिरला की मी काउंटरखाली वाकून पडलेला स्क्रू शोधायचो. पण पान काढलं नाही. होळी जवळ येत होती. बॅग खोलीत कोपऱ्यात उभी होती, आणि तिच्याकडे बघितलं की भीतीच्या वर राग चढायचा.

आणि एक दिवस खरोखरच इस्त्रीचा शर्ट आला. खांद्याला लॅपटॉपची बॅग, कपाळावर घाम, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. मी नेहमीप्रमाणे खाली वाकलो. त्यानं शेठना विचारलं, "तो बोंबीलवाला गेम इथून मिळतो का?"

शेठ त्यांचा सावध आवाज काढून म्हणाले, "तुम्हाला पाहिजे?"

"मला नकोय. मला तो बंद व्हायला पाहिजे." त्यानं त्या दुकानाचं नाव घेतलं. "मी तिथून आलोय. आमच्याकडे रोज मेल येतायत, का नाकारला, का नाकारला. एकानं तर शिव्या घातल्यात. परवा आमच्या साहेबांच्या भाच्याच्या फोनवर निघाला, त्यानंच हे दुकान सांगितलं. कोणी बनवलाय?"

मी वर आलो. एवढे दिवस मनात ज्याला बदडत होतो तो असा निघाला, घामानं भिजलेला, बुटांना चिखल, मिठागराच्या बाजूनं चुकून चालत आलेला. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

"मी बनवलाय."

"अरे, तू? किती शिकलायस?"

"नववी. तुम्ही नाकारलात का माझा गेम?"

"हे बघ, आमचं नाव असं वापरता येत नाही. साहेब चिडलेत. तू ते पान काढ, विषय संपला."

"नाव काढतो. का नाकारला ते सांगा."

"आम्ही कारणं देत नसतो. ॲक्च्युअली कुणीच देत नाही. ढिगानं गेम येतात. प्रत्येकाला कारण दिलं की प्रत्येक जण भांडायला येणार. आणि लबाड लोक कारणं वाचून बरोबर पळवाट काढतात."

"कारण दिलं नाही तरी आलोच की मी भांडायला. म्हणजे तुम्हीच आलात."

शेठ खुदुखुदू हसले आणि त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं. पाणी पिताना तो जरा माणसात आला. "खरं सांगू? तुझा मीच तपासला होता. मला आठवतोय. चित्रं चांगली होती. पण त्यात बग होता ना."

"बग?"

"बोंबील दोरीवर टाकला की पडत होता. मी परत परत टाकून बघितला. राहतच नाही. पहिल्याच पायरीवर गेम अडकतो. असा मोडका गेम कसा लावणार दुकानात?"

शेठनी कपाळावर हात मारला. "अरे भाई! एकटा टाकला तुम्ही? जोडी! जोडी करायला पाहिजे! माझ्यासारख्या मेथीवाल्याला समजलं, तुम्हाला नाही समजलं?"

त्यांनी स्वतःचा फोन काढून त्याला दाखवलं. दोन बोंबील, जबड्यात जबडा, दोरीवर. राहिले. तो माणूस वाकून बघत राहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण हे लिहिलं नाहीयेस कुठेच."

नव्हतं लिहिलं. फाईल लहान ठेवायला मी सूचनांचं पान काढून टाकलं होतं. तारोडीत कुणाला सांगावं लागलं नसतं, आणि मला तारोडीत येऊन इतकेही दिवस झाले नव्हते की मी तारोडीकर व्हावं. पण नव्यानं शिकलेल्या माणसाला वाटतं, हे तर सगळ्या जगालाच येतं. म्हणजे एका ओळीचं काम होतं. 'मासा राहत नाही', इतकंच त्यानं मेलमध्ये लिहिलं असतं, तर मी त्याच दुपारी 'दोन-दोन अडकवा' असं लिहून परत पाठवला असता. ते लिहायला त्याला जेवढा वेळ लागला असता त्याहून जास्त वेळ तो भाईंदरच्या उन्हात पत्ता शोधत फिरला होता. हे मी त्याला म्हणालोही. तो म्हणाला, "सॉरी यार." मग म्हणाला, "एक काम करू. तू ती ओळ घाल, ते पहिलं पान काढ, मी गेम लावतो. पुढच्या आठवड्यात दुकानात."

मला वाटतं तिथे कुणीही हो म्हटलं असतं. माझीही जीभ वळली होती. पण भावाचं वाक्य आठवलं. उद्या गेम दिसला असता, तर भाऊ म्हणाला असता, आत्ता घाईनं कुणाकडून तरी करून घेतलास. त्या दिवशीचा खोटारडा तसाच राहिला असता.

"त्याच्याआधी एक फोन करायचा," मी म्हटलं.

"कुणाला?"

"माझ्या भावाला. त्याला सांगा, तुम्ही माझा गेम नाकारला होता म्हणून."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. शेठनी दुकानाचा फोन उचलून त्याच्यासमोर ठेवला आणि स्पीकरचं बटण दाबलं. मी नंबर लावला. गिरणीचा आवाज, आणि त्यातून भावाचा.

"हां, बोला."

"नमस्कार. मी... ते मोबाईल गेमचं ऑनलाइन दुकान आहे ना, तिथून बोलतोय." तो माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. "तुमच्या भावाचा गेम आमच्याकडे आला होता. आम्ही तो नाकारला."

पलीकडे गिरणी बंद झाली. पट्टा थांबताना सपसप आवाज होतो, तो मला ओळखू आला.

"तुमी नाकारला?"

"हो. मीच."

"म्हंजे त्यानं केल्ता?"

"हो, केला होता."

"स्वतः केल्ता? त्याच्याच हातचा?"

"हो हो, त्यानंच."

"मंग कामून नाकारला?"

तो घुटमळला. "त्यात... मासे पडत होते."

"मासे पडत होते तर पोराला सांगायचं न्हाई का, बाबा रे, मासे पडायलेत, बघ जरा? गिरणीत पीठ जाड आलं तर आमी बाईला सांगतोत, का डबा गायब करतोत? आन वरून नाव पुसून टाकता? मी नेटवर बघितलं साहेब, तिथं त्याचं काईच नव्हतं. तुमच्यापायी मी माझ्या भावाला खोटा म्हनलो. लेकहो, तुमच्या दुकानापायी!"

तो "सर, सर" म्हणत राहिला आणि भाऊ थांबला नाही. मी सांगू शकत नाही तेव्हा मला किती बरं वाटलं. त्या माणसाचे कान लाल झाले होते, आणि मी ते डोळे भरून बघून घेतले. इतके दिवस मी एकटाच चिडलो होतो. आता माझ्या रागाला जोडी मिळाली होती.

शेवटी भाऊ दमला. "त्याला द्या फोन," म्हणाला. मी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. तो म्हणाला, "होळीला ये. बॅग भरून येऊ नको, चार दिवसांपुरता ये." आणि जरा थांबून, "ते मासे कामून पडायलेत, ते मला दाखव."

दुकानाचं नाव मी त्याच दिवशी, त्या माणसासमोर काढलं. शब्द तेवढाच होता. पहिली ओळ तशीच ठेवली: हा खेळ नाकारलेला आहे. तिच्याखाली नवी ओळ आली: बोंबील दोन-दोन अडकवावेत. तो म्हणाला, निदान वरची ओळ काढ, मग दुकानात लावता येईल. मी त्याला विचारलं, तुम्ही तुमच्या पानावर लिहाल का, आधी नाकारला होता, अमुक कारणासाठी? मी स्वतःच सांगतोय लिहा म्हणून. तो म्हणाला, असं कुठलंच दुकान करत नाही. मी म्हटलं, मग राहू द्या.

तो गेम त्यांच्या दुकानात कधीच लागला नाही. ते दुकानही आता नाही. बंद झालं तेव्हा त्यांच्या पानावर ना निरोप होता ना कारण. पान उघडलं की कोरं. मी ते पुन्हा पुन्हा उघडून बघितलं.